मकाव बंदरांतील परदेशी विद्यार्थी

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवाच्या आदल्या सायंकाळीं चुडावा येथें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें मागील कार्याचा आढावा घ्यावा, देणगीदारांचे आभार मानावे आणि खालीं बसावें, असा रिवाज आहे. आढावा पुस्तिकेंत छापला जाणारच आहे. आभार उद्यां मिस्सेनंतर मानूं. आज आम्ही तुम्हांला येथून फार दूरच्या एका बंदराची हकीकत सांगणार आहों. ती कां, हें आधीं सांगितलें पाहिजे.

गेल्या पावसाळ्यांत आपल्या वसतिगृहांतील मुलांना शिकविण्यासाठीं छोटानागपूरकडील दोन तरुण धर्मभगिनी आल्या. त्यांची मायबोली कुडुख. मराठी शिकूं लागून त्यांना अद्याप वर्षही झालें नाहीं. मुलें त्यांच्या बोलण्याची नक्कल करितात. आणि, सांगतांना खेद होतो, मुलांच्या आयाही तोंडाला पदर लावून हंसतात. धर्मग्रामाच्या बैठकींत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं सुचविलें कीं, बिशपस्वामींना विनंती करून “आपल्याकडच्या” शिक्षिका मागून घ्याव्या. दोघींपैकीं धाकटीनें तें ऐकलें, आणि दुसऱ्या दिवशीं आमच्याकडे येऊन परत जाण्याची परवानगी मागितली. त्या गृहस्थांस आम्हीं बैठकींत उत्तर दिलें नाहीं. आज देतों, पण जरा लांबच्या वाटेनें.

संत फ्रान्सिस झेवियर यांचें पवित्र शरीर गोव्यास आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. ते वारले कोठें, असें विचारलें तर मात्र बहुतेक मंडळी गप्प बसतात. ते वारले चीनच्या किनाऱ्यालगतच्या सांचान बेटावर, ३ डिसेंबर १५५२ रोजीं. परदेशी मनुष्यानें चीनच्या भूमीवर पाऊल टाकूं नये, अशी त्या वेळीं सक्त मनाई होती. एका चिनी व्यापाऱ्यानें मिऱ्यांच्या मोबदल्यांत त्यांना लपवून कॅन्टन शहरीं नेण्याचें कबूल केलें होतें. संतांनीं त्याची वाट पाहिली. तारूं आलें नाहीं. ताप आला, आणि चीनचा किनारा इतका जवळ असतां त्यांचा प्राण गेला. दहा वर्षें पूर्वेकडील देश पालथे घालणाऱ्या त्या महापुरुषापाशीं अखेरीस अन्तोनियो नांवाचा एक चिनी तरुण आणि एक हिंदी सेवक, एवढींच माणसें उरलीं होतीं.

त्याच वर्षीं ऑक्टोबरच्या ६ तारखेस इटलींतील माचेराता गांवीं मात्तेओ रिची यांचा जन्म झाला. पुढें ते येशूसंघांत शिरले, लिस्बनहून जहाजांत बसले आणि १३ सप्टेंबर १५७८ रोजीं गोव्यास उतरले. वय पंचवीस, गुरुदीक्षा अजून व्हावयाची होती, ती पुढें १५८० सालीं कोचीन येथें झाली. गोव्यांत ते विद्यार्थ्यांना लॅटिन व ग्रीक शिकवीत. चीनमधील त्यांचें कार्य जगप्रसिद्ध आहे, पण गोव्यांत त्यांनीं केलेली एक गोष्ट आम्हांला त्याहूनही मोलाची वाटते. त्या दिवसांत असा निर्णय झाला होता कीं, हिंदी विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान शिकवूं नये. शिकले तर ते गर्विष्ठ होतील आणि लहानशा खेड्यांत सेवा करण्यास नाखूष होतील. या तरुण पाद्रीनें नोव्हेंबर १५८१ मध्यें थेट रोमला संघाच्या श्रेष्ठींस पत्र लिहून आक्षेप घेतला. शिकून गर्व येतो तर तो युरोपांतल्यांनाही येतो, मग त्यांना कोणी शिकवूं नये काय? येथील माणूस कितीही शिकला तरी गोरे लोक त्याला क्वचितच मान देतात. त्यांत त्याची विद्याही काढून घेतली तर ख्रिस्तसभेला अडाणी सेवकच मिळतील. शब्द आमचे आहेत, पण मुद्दे त्यांचे. ज्या देशांत आपण परके आहों, त्या देशाच्या मुलांची बाजू घेऊन आपल्याच वरिष्ठांस लिहिणें हें पंचवीस-तीस वर्षांच्या माणसाला सोपें नसतें. आम्हांला तें त्या वयांत जमलें नसतें.

त्याच सुमारास, १५७९ सालीं, इंग्लंडांत जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास आले. त्यांनीं मराठी अशी आत्मसात केली कीं, १६१६ सालीं छापलेलें त्यांचें ख्रिस्तपुराण आजही आपल्या भाषेचें भूषण म्हणून नांवाजलें जातें. त्यांच्या पहिल्या मराठी वाक्याला साष्टीचीं पोरें हंसलीं नसतील असें तुम्हांस वाटतें काय?

असो. रिची एप्रिल १५८२ मध्यें गोवें सोडून निघाले आणि ऑगस्टांत मकावला पोंचले. मकाव म्हणजे कॅन्टनच्या खाडीच्या तोंडाशीं समुद्रांत घुसलेली जमिनीची एक चिंचोळी पट्टी. सुमारें १५५७ पासून पोर्तुगीज व्यापारी तेथें वस्ती करून होते. (४०० हून अधिक वर्षांनीं, २० डिसेंबर १९९९ रोजीं, तें शहर पुन्हां चीनच्या कारभाराखालीं गेलें.) तेथें देवालयें होतीं, घंटा वाजत, मिरवणुकी निघत, परंतु चिनी माणूस ख्रिस्ती झाला कीं त्यानें पोर्तुगीज नांव घ्यावें, पोर्तुगीज पोशाख करावा, पोर्तुगीज भाषा बोलावी, अशी तऱ्हा होती. तीस वर्षें चीनच्या दारांत उभे राहूनही पाद्री मंडळींना चिनी येत नव्हतें. संघाचे निरीक्षक फादर वालिन्यानो यांना हें पसंत पडलें नाहीं. त्यांनीं आज्ञा केली कीं, ज्यास चीनमध्यें शिकवावयाचें आहे त्यानें आधीं चिनी लिहिणें, वाचणें व बोलणें शिकावें.

या कामावर प्रथम नेमले गेले ते फादर मिकेले रुजेरी. तेही रिचींबरोबर एकाच वेळीं गोव्यास आले होते, आणि जुलै १५७९ मध्यें मकावला पोंचले होते. त्यांचें वय पस्तिशीच्या पुढें, स्मरणशक्ति बेताची, आणि शिक्षक मिळेना. अखेर एक चित्रकार मिळाला. त्या चित्रकारास पोर्तुगीज नीट येत नव्हती आणि रुजेरींना चिनी मुळींच येत नव्हतें! तेव्हां तो चित्रकार कुंचल्यानें घोडा काढी, शेजारीं घोड्याचें चिनी अक्षर काढी, आणि तोंडानें “मा” म्हणे. शिष्य म्हणे, “मा.” आपल्या बालवाडींत भिंतीवर जशीं चित्रें आहेत तशीच ती शाळा, फक्त विद्यार्थी दोन विद्यांत पारंगत झालेला पाद्री होता. घरांतले सोबती म्हणत कीं हा वेळेचा अपव्यय आहे. ते त्यांना वारंवार दुसऱ्या कामांस जुंपीत. परक्या लोकांनीं केलेली थट्टा मनुष्य सोसतो. घरच्यांनीं केलेली फार खोल जाते.

वर्षांतून दोनदां कॅन्टनला व्यापाराचा बाजार भरे. पोर्तुगीजांनीं दिवसा सौदे करावे आणि रात्र पडतांच आपल्या गलबतांवर परत जावें, असा हुकूम होता. रुजेरी व्यापाऱ्यांबरोबर तेथें गेले. त्यांनीं चिनी अंमलदारांपुढें चिनी रीतीप्रमाणें नमस्कार केला, मोडक्यातोडक्या शब्दांत बोलले, आणि एवढ्यावरच त्यांना किनाऱ्यावर घरांत राहण्याची सवलत मिळाली. तोफांच्या गलबतांना जें मिळालें नव्हतें, तें शंभर-दोनशें चुकीच्या उच्चारांना मिळालें.

रिची आल्यावर दोघे एकत्र अभ्यास करूं लागले. रिचींची स्मरणशक्ति अचाट होती, तरी १५८३ च्या आरंभीं मकावहून लिहिलेल्या पत्रांत ते कबूल करितात कीं, ही भाषा ग्रीकसारखीही नव्हे कीं जर्मनसारखीही नव्हे. एकच उच्चार स्वर बदलला कीं अर्थ बदलतो, आणि खुद्द चिनी माणसेंही कधीं कधीं अक्षर लिहून दाखवून एकमेकांचा घोटाळा दूर करितात.

सप्टेंबर १५८३ मध्यें दोघांना कॅन्टनच्या पश्चिमेस नदीकांठच्या चाओचिंग शहरीं राहण्यास जागा मिळाली. आतां पहा, परकेपणा कसा असतो तो. लोक त्यांना “परदेशी भुतें” म्हणत. शेजारच्या मनोऱ्यावरून पोरें त्यांच्या कौलांवर दगड फेंकीत. एकदां चाकरानें एका पोराला पकडून आंत आणलें. लगेच ओरड झाली कीं, पाद्रींनीं मूल पळवून त्याला औषध घातलें. प्रकरण न्यायालयांत गेलें. मनोऱ्यावर काम करणाऱ्यांनीं साक्ष दिली कीं दगडांची गोष्ट खरी आहे, आणि आरोप करणाऱ्याला फटक्यांची शिक्षा झाली. ज्यांच्यावर आळ आला होता त्या रिचींनींच त्याच्यासाठीं दयेची याचना केली. याच शहरीं अंमलदारासाठीं घड्याळ करावयास त्यांनीं मकावहून एक सावळा कारागीर आणविला होता. तो गोव्याकडचा होता. म्हणजे त्या घरांत आपल्या किनाऱ्यावरचाही एक माणूस परका म्हणून दिवस काढीत होता.

त्यांच्या चुकाही झाल्या. चीनमध्यें साधूंना मान असेल असें समजून दोघांनीं डोकें व दाढी साफ करून बौद्ध भिक्षूंचा वेष घेतला. त्या वेषास विद्वान लोक फारशी किंमत देत नाहींत, हें एका चिनी मित्रानें रिचींना समजाविलें. त्यांनीं तें ऐकलें आणि १५९५ सालीं विद्वानांचा पोशाख धरला. बारा वर्षें चुकीच्या कपड्यांत! १५८४ सालीं त्यांनीं जगाचा नकाशा चिनी अक्षरांत काढला, १६०१ मध्यें ते पेकिंगला पोंचले, शांघायच्या पॉल श्यू या विद्वान श्रावकाबरोबर १६०७ सालीं युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनींत आणिले, आणि ११ मे १६१० रोजीं वारले. त्यांच्या दफनासाठीं बादशहानें जमीन दिली. हें सर्व पुस्तकांत आहे. आमचें मन मात्र मकावच्या त्या खोलींत रेंगाळतें, जेथें घोड्याचें चित्र काढलें जात होतें.

कारण त्या खोलींत आम्हीही बसलों आहों. तुमच्यांपैकीं ज्येष्ठांस आठवत असेल, आम्ही प्रथम पूर्णा जंक्शनवर गाडी बदलून चुडाव्याच्या स्टेशनवर उतरलों तेव्हां आमच्याजवळ सेमिनरींतली शुद्ध मराठी होती आणि वसईची सामवेदी बोली होती. येथली बोली नव्हती. पहिल्याच महिन्यांत आम्हीं पेरणाऱ्याच्या दाखल्यावर प्रवचन केलें. बी मुठीनें उधळावें, कांहीं वाटेवर पडावें, कांहीं खडकावर. हातवारे करून सर्व सांगितलें. मिस्सेनंतर एक म्हातारी आई, जी आतां प्रभुघरीं गेली आहे, आमच्याजवळ येऊन म्हणाली, “फादर, तुमी बोलायलाव ते लई ग्वाड वाटायलंय. पर तिफणीनं पेरल्यावर बी वाटंवर कसं पडंल?”

आम्हांला तिफण माहीत नव्हती. आमच्याकडे भाताचीं रोपें लावितात. त्या माउलीनें आम्हांला वावरांत नेऊन तिफण दाखविली, चाड्यावर मूठ कशी धरावी तें दाखविलें, दाणे नळ्यांतून तासांत कसे उतरतात तें दाखविलें. आणि आमची मूठ पाहून इतकी हंसली कीं तिला खालीं बसावें लागलें. पण तें हंसणें आणि पदराआडचें हंसणें एक नव्हे. ती हंसली आणि तिनें शिकविलें. पुढें दोन वर्षें दर रविवारीं ती आमचे शब्द सुधारीत असे. “शेत” म्हटलें कीं ती पुटपुटे, “वावर.” सेमिनरींत आम्हीं पुष्कळ गुरूंच्या पायांशीं बसलों, पण तिच्याइतका कडक गुरु विरळा.

धर्माच्याच माणसांचें हें असें असतें असें कोणी म्हणूं नये. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं मुंबईहून बोटीनें निघून कॅन्टनमार्गें चीनमध्यें शिरले. ते चिनी शिकले, चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेंत वैद्यक शिकवूं लागले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, तेथेंच वारले. सोलापूरच्या त्या मराठी माणसाच्या चिनी बोलण्यांतल्या चुका कोणी तरी बसून दुरुस्त केल्या असतील. त्या कोणी तरीचा पुतळा कोठें नाहीं. आपल्याही घरोघरचीं मुलें आज पुणें-हैदराबादेस कामाला गेलीं आहेत. तेथें त्यांची बोली ऐकून कोण हंसतें आणि कोण शिकवितें, हें त्यांनींच दिवाळींत घरीं आल्यावर तुम्हांस सांगावें.

आतां बैठकींतल्या प्रश्नाकडे येतों. आम्ही बिशपस्वामींना पत्र लिहिणार नाहीं. धाकट्या भगिनीस आम्हीं पुनरुत्थानाच्या सणापर्यंत थांबण्याची विनंती केली आहे. त्यानंतर ती जो निर्णय घेईल तो आम्हांला मान्य राहील. मुलांना ती गणित किती चांगलें शिकविते, हें त्यांच्या वह्या पाहून कोणासही कळेल. पण गणिताच्या जोरावर कोणी परक्या गांवीं रात्र काढीत नाहीं. येत्या सोमवारपासून सायंकाळीं सहा वाजतां दोघी वसतिगृहाच्या ओट्यावर बसतील. ज्यांना जें शिकवावेंसें वाटेल तें घेऊन त्यांनीं यावें: स्वयंपाकघरांतले शब्द, वावरांतले, बाजारांतले. त्या बदल्यांत कुडुखमधील चार शब्द शिकून जावे. म्हाताऱ्या आईच्या नातवानें ट्रॅक्टर घेतल्यापासून तिची जुनी तिफण आमच्या पडवींत ठेविली आहे. ती त्या दिवशीं ओट्यावर आणून ठेवूं. ज्या गृहस्थांनीं बैठकींत सूचना केली होती त्यांनाच पहिल्या सोमवारीं शिकविण्यास बोलाविलें आहे, आणि थोडा वेळ टोपी चाचपून ते “येतो” असें म्हणाले आहेत.