रिव्हॉल्व्हर कीं पिस्तूल ?

एके काळीं प्रत्येक कचेरींत दोन प्रकारचे कारकून असत. एकाला टाकाची सवय. झरणी हातीं दिली तर ती केव्हां गळेल या धास्तीनें त्याचें अक्षर बिघडे. दुसऱ्याला झरणीच हवी. ओळीच्या मध्यावर थांबून टाक दौतींत बुडविणें त्याला सोसत नसे. दोघांनाहि आपापल्या साधनाचे दोष पुरते ठाऊक असत. निवड होई ती सोसवेल अशा दोषाची. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांविषयींच्या नेमबाजांच्या आवडीनिवडीहि याच जातीच्या आहेत.

सॅम्युएल कोल्ट यानें १८३६ सालीं अमेरिकेंत फिरत्या चक्राच्या शस्त्राचें पेटंट घेतलें. त्या वेळचें सामान्य पिस्तूल एक बार झाला कीं रिकामें होई. कोल्टनें नळीच्या मागें चक्र बसविलें, चक्रांत कोठे पाडले, आणि घोडा ओढतांच पुढचा कोठा नळीसमोर यावा अशी योजना केली. त्याच्या कारखान्याचें १८७३ सालचें प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर सहा बारांचें होतें. मात्र प्रत्येक वेळीं घोडा अंगठ्यानें चढवावा लागे. पुढें नुसता चाप ओढल्यानें घोडा उठावा, चक्र फिरावें आणि बार व्हावा, ही रचना रूढ झाली. ब्रिटिश सैन्यानें १८८७ सालीं स्वीकारलेलें वेब्ली याच रचनेचें. तें बिजागरीवर उघडलें कीं सारीं रिकामीं काडतुसें एकदम बाहेर पडत.

रिव्हॉल्व्हरचा खरा गुण अडचणीच्या वेळीं दिसतो. एखादें काडतूस पेटलें नाहीं तर पुन्हां चाप ओढावा; पुढचें काडतूस समोर येतें. दुसरा हात लावावा लागत नाहीं. दोषहि तितकाच उघड आहे. चापाची ओढ लांब व जड असल्यानें नेम ढळतो, आणि सहा बार झाले कीं शस्त्र मुकें होतें.

जॉन ब्राउनिंग यानें दुसरी वाट धरली. गोळी सुटतांना मागें बसणारा धक्का वायां न दवडतां त्यानें कामाला जुंपला. धक्क्यानें पिस्तुलाचा वरचा भाग मागें सरकतो व रिकामें काडतूस बाहेर फेंकतो. स्प्रिंगच्या जोरानें परततांना तो मुठींतल्या मॅगझिनमधून नवें काडतूस नळींत चढवितो. अमेरिकेच्या सैन्यानें १९११ सालीं घेतलेलें त्याचें ४५ कॅलिबरचें पिस्तूल कसोटीच्या वेळीं सहा हजार बार न अडखळतां चाललें. १९८५ सालीं बेरेटाची निवड होईपर्यंत तेंच त्या सैन्याचें मुख्य पिस्तूल होतें. चापाची ओढ आंखूड आणि सरळ, म्हणून कसलेले नेमबाज आजहि त्याच्यावर लुब्ध आहेत. पण मॅगझिनमध्यें काडतुसें सातच, आणि वजन किलोहून अधिक.

संख्येची ही उणीव ब्राउनिंगच्याच दुसऱ्या आराखड्यानें भरून निघाली. १९२६ सालीं तो वारल्यावर बेल्जममध्यें द्यूदोने सैव यानें तो आराखडा पुरा केला. १९३५ सालच्या त्या पिस्तुलांत नऊ मिलिमीटरचीं तेरा काडतुसें मावत. त्याचीच आवृत्ति पुढें बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यांत तयार होऊं लागली.

१९८२ सालीं ऑस्ट्रियाच्या सैन्यानें गास्टन ग्लॉक याचें पिस्तूल स्वीकारलें. त्यापूर्वीं ग्लॉकनें एकहि बंदूक बनविली नव्हती. सांगाडा प्लास्टिकचा, काडतुसें सतरा, आणि बाहेर सुरक्षेची वेगळी कळ नाहीं. चापांत बसविलेली जीभ दाबल्याखेरीज चाप हलत नाहीं. पोलिसांना तें आवडलें, कारण शिकवावयाचें थोडें आणि घाईंत विसरावयाचें त्याहून थोडें. टीकाकार मात्र यालाच दोष म्हणतात : चुकून चापावर बोट पडलें तर अडविणारी कळ नाहीं.

११ एप्रिल १९८६ रोजीं अमेरिकेंतील मायामी येथें केंद्रीय तपास खात्याच्या आठ अधिकाऱ्यांनीं दोन दरोडेखोरांना रस्त्यांत गांठलें. दरोडेखोरांपाशीं रायफल होती. अधिकाऱ्यांपैकीं बहुतेकांपाशीं रिव्हॉल्व्हरें. एका अधिकाऱ्याचें रिव्हॉल्व्हर रिकामें झालें, आणि तें भरीत असतां त्याच्या हातालाच गोळी लागली. दोन अधिकारी ठार झाले. या प्रसंगानंतर तेथील पोलिसांत रिव्हॉल्व्हर झपाट्यानें मागें पडलें. पण त्या चकमकीचा शेवट कशानें झाला ? एक हात निकामी झालेल्या अधिकाऱ्यानें दुसऱ्या हातानें झाडलेल्या रिव्हॉल्व्हरच्या सहा बारांनीं. रिव्हॉल्व्हरचे निंदक पहिली हकीकत सांगतात, भक्त दुसरी. आणि खोटें कोणीच बोलत नाहीं.

खेळाच्या मैदानावर शत्रु नसतो. तेथें भीति असते ती स्वतःच्या मनगटाची. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेंत पंचवीस मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें. या प्रकारांतलें पिस्तूल अवघें २२ कॅलिबरचें. शीघ्र फेरींत लक्ष्य तीन सेकंद दिसतें; तेवढ्यांत खालीं धरलेला हात उचलून एकच बार काढावयाचा. तेथें सतरा काडतुसांचा कांहीं उपयोग नाहीं. हलका धक्का आणि पंजाच्या मापानें कोरलेली मूठ, हेंच तेथील भांडवल.

म्हणून कोणतें शस्त्र श्रेष्ठ, हा प्रश्न अपुरा आहे. तें कोण धरणार, कोठें, आणि त्याच्या दोषाशीं झुंजण्याचा सराव त्यानें किती केला आहे, हें कळल्याखेरीज उत्तर देतां येत नाहीं. एक काम मात्र कोल्टपासून ग्लॉकपर्यंत कोणालाहि यंत्रावर सोंपवितां आलें नाहीं. नेम धरीपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणें, हें अजून माणसाकडेच आहे.