थायरॉइडचा अतिरेक आणि मेंदूच्या धमन्या

थायरॉइड ग्रंथी अति काम करू लागली की हृदयाचे ठोके अनियमित होतात, तिथे झालेली गुठळी मेंदूत अडकते आणि पक्षाघात होतो, हे परिचित आहे. पण थायरॉइडला अति काम करायला लावणाऱ्या ग्रेव्हज आजाराच्या काही रुग्णांत, विशेषतः पूर्व आशियातल्या तरुण स्त्रियांत, कवटीच्या आतली कॅरॉटिड धमनीच अरुंद झालेली आढळते. हा निव्वळ योगायोग असेल, हा आक्षेप रास्त आहे. दोन्ही विकार स्त्रियांतच जास्त दिसतात. तरीही अशा रुग्णांना झटका बहुधा थायरॉइडचे संप्रेरक वाढलेले असतानाच येतो आणि ते आटोक्यात आल्यावर काहींची धमनी आणखी आकसायची थांबते. कार्यकारणभाव पुरता सिद्ध नसला, तरी तरुणपणी अचानक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. तिथल्या तपासण्यांत थायरॉइडचे काम जोखणारी टीएसएचची साधी रक्ततपासणीही असावी.