ध्रुवीय बर्फाची उंची आणि तिच्यासाठी लागणारा पूरक डेटा

ध्रुवावरच्या बर्फाची उंची उपग्रह थेट मोजत नाही. लेसरचा किंवा रडारचा स्पंद खाली जाऊन परत यायला किती वेळ लागला, एवढेच तो नोंदवतो. त्या वेळेवरून अंतर, अंतरावरून उंची आणि दोन तारखांच्या उंचींवरून बर्फ वाढला की घटला, हे सॉफ्टवेअर काढते. त्यासाठी मूळ मोजणीला पूरक डेटाची जोड लागते.

मूळ मोजणी मुख्यतः दोन उपग्रह देतात : 2010 चा युरोपीय क्रायोसॅट-2 रडारने, तर 2018 चा नासाचा आइससॅट-2 लेसरने. दोघांची मजल 88 अंश अक्षांशापर्यंत आहे. 2013 मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या भारत-फ्रान्सच्या ‘सरल’ची मजल सुमारे 81.5 अंशांपर्यंतच होती.

पूरक डेटात पहिला मान संदर्भपातळीचा. रेल्वे स्थानकाच्या पाटीवर लिहिलेली उंची सरासरी समुद्रसपाटीपासूनची असते. तळेगाव दाभाड्याला जीपीएस यंत्राने काढलेली कच्ची उंची मात्र त्याहून 60 मीटरपेक्षा अधिक फरकाने कमी भरते, कारण ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. अंटार्क्टिकाच्या नकाशांतही हाच घोळ होतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या केंद्राचे ‘रेमा’ हे उंची-प्रारूप लंबगोलापासून मोजते, तर ‘बेडमशीन’ भूसमपातळीपासून, म्हणजे ढोबळमानाने सरासरी समुद्रसपाटीपासून. दोन्ही एकाच पातळीवर आणल्याशिवाय वजाबाकी करू नये.

दुसरा डेटा भरती-ओहोटीचा. भारताच्या मैत्री तळापासून समुद्राकडे जाताना निव्लिसेन हिमफळी लागते. ती तरंगती असल्याने समुद्राबरोबर वरखाली होते. आइससॅट-2 च्या भूहिमाच्या उंचीच्या संचात समुद्राची भरती वजा केलेली नसते. ती ‘कॅट्स-2008’सारख्या प्रारूपावरून वजा करावी लागते. तरंगत्या बर्फाचा जेमतेम नववा-दहावा हिस्सा पाण्यावर असतो. त्यामुळे भरतीची एक मीटरची चूक जाडीत सुमारे नऊ मीटरची होते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने बदलला, तर समुद्र सुमारे एक सेंटिमीटर वरखाली होतो. दाबाचे आकडे युरोपच्या ‘ईआरए-5’ संचात मिळतात.

बर्फ जमिनीला कुठे टेकला आहे आणि कुठे तरंगतो, हे दाखवणारी सीमारेषा हा तिसरा डेटा. चौथा डेटा मुरलेल्या हिमाच्या घनतेचा. घट्ट बर्फाचा घनमीटर 917 किलोचा, तर पृष्ठभागावरचे हिम त्याच्या निम्म्याहूनही हलके. त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या फरकातून निघणारे वस्तुमान सारखे नसते.

हे बहुतेक संच विनामूल्य आहेत. आइससॅट-2 आणि बेडमशीन अमेरिकेच्या राष्ट्रीय हिम-डेटा केंद्राकडून मिळतात. त्यासाठी नासाच्या संकेतस्थळावर खाते उघडले की पुरते. ‘रेमा’चे दोन मीटर विभेदनाचे तुकडे अवाढव्य असतात, म्हणून पहिल्या चाचणीसाठी 100 मीटरची किंवा एक किलोमीटरची आवृत्ती घ्यावी. अंटार्क्टिकासाठी 71 अंश दक्षिणेचे ध्रुवीय प्रक्षेपण सर्व संचांना लावून घ्यावे. मैत्री आणि भारती तळांवरचा भारतीय डेटा वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र सांभाळते. उपग्रहाचे आकडे ताडून पाहायला असा जमिनीवरचा डेटा लागतो.

प्रत्येक फाइलसोबत आवृत्ती, उतरवल्याची तारीख, संदर्भपातळी आणि प्रक्षेपण यांची नोंद ठेवावी. ही नोंद नसलेली फाइल कितीही अचूक असली, तरी हिशेबात घेऊ नये.