विमानतळावर मदत संपत नाही

(बोम्मसंद्रा, बंगळूर येथे मराठी भाषक कामगारांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



बोम्मसंद्रा ज्या आनेकल तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात बन्नेरघट्ट्याजवळ हक्की-पिक्की आदिवासींची वसाहत आहे. त्यांची वागरी बोली गुजरातीच्या नात्यातली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारंपरिक शिकारीची वाट बंद झाली. वनौषधी आणि केसांचे तेल विकत या जमातीतील माणसे थेट आफ्रिकेपर्यंत पोहोचली.

१५ एप्रिल २०२३ रोजी सुदानमध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध भडकले, तेव्हा कर्नाटकातील अनेक हक्की-पिक्की तेथे अडकले होते. सरकारच्या ‘ऑपरेशन कावेरी’मधून बसने पोर्ट सुदान, तेथून जहाजाने वा विमानाने जेद्दा आणि मग मायदेश, अशा मार्गाने ३,८०० हून अधिक भारतीय परतले. हे काम मोठेच होते. ते नाकारण्याचे कारण नाही.

पण प्रश्न त्यापुढचा आहे. विमानतळावर पुष्पगुच्छ मिळाला. भांडवल मात्र सुदानमध्येच राहिले. यांतील अनेकांनी प्रवासासाठी आणि मालासाठी कर्ज काढले होते. युद्ध झाले म्हणून सावकाराचे व्याज थांबत नाही.

यापूर्वीचा एक अनुभव येथे उपयोगी आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापला. सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना मायदेशी आणावे लागले. त्यांतील बहुतेक अम्मानहून विमानाने मुंबईस उतरले. थकलेला पगार आणि आयुष्याची बचत मागेच राहिली. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाई आयोग नेमला. देश सोडावा लागलेल्या व्यक्तीस ठरावीक २,५०० डॉलर आणि कुटुंबास ५,००० डॉलर, अशी तरतूद झाली. वेतन व मालमत्तेच्या नुकसानीचे दावे स्वतंत्र होते. शेवटचा हप्ता २०२२ मध्ये चुकता झाला. एकूण रक्कम सुमारे ५,२४० कोटी डॉलर होती.

परतलेल्या कामगाराचे नुकसान हे दयेचे नव्हे, तर हक्काचे प्रकरण आहे, हे त्यातून मान्य झाले. मात्र दुसरी बाजूही विसरता कामा नये. हा पैसा इराकच्या तेलातून कापला गेला आणि निर्बंधांखाली औषधांवाचून तडफडणाऱ्या इराकी जनतेला तो भरावा लागला. युद्ध पुकारताना जनतेला कोणी विचारले नव्हते.

सुदानहून परतलेल्यांसाठी असा कोणताही आयोग नाही. शिवाय ते फेरीवाले. नेमणूकपत्र नाही, पगाराची पावती नाही. कोणाकडे दावा करायचा? म्हणून जबाबदारी केंद्र व राज्य सरकारांवरच येते. परतलेल्या प्रत्येकाची नोंद व्हावी, कर्जवसुलीस स्थगिती मिळावी आणि पुन्हा धंदा उभारण्यास बिनव्याजी भांडवल मिळावे, या मागण्या आहेत.

या औद्योगिक वसाहतीतील कामगार संघटनांनी त्या आपल्या मानाव्यात. घर सोडून आलेल्या कंत्राटी कामगाराची स्थिती फार निराळी नाही. काम बंद पडले की त्यालाही गावची गाडी दाखवली जाते आणि त्याचा थकलेला पगार मागे राहतो. माणूस सुखरूप घरी पोहोचणे ही मदतीची सुरुवात आहे. घरात चूल पेटती राहील, तेव्हाच ती पूर्ण होईल.