घरची वाट आणि हातांतील कागद

(ज्युबिलीनिमित्त कासारवाडी येथें केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्युबिली हा घरीं परतण्याचा सण होय. आमची कासारवाडी मुळांतच वाटेवरची वस्ती. एकीकडे पुणें-मुंबई रस्ता व लोहमार्ग, दुसरीकडे नाशिक फाट्यावरून भोसरीस जाणारी वाट. कारखान्यांच्या भोंग्यानें येथें माणसें गोळा झालीं. कोणी नगरकडून आलें, कोणी वसईहून, कोणी गोमंतकांतून. अशाच घरांतील मुलें पुढें पोटासाठीं आखातांत, इंग्लंडांत, पोर्तुगालांत गेलीं. सणाचें आमंत्रण धाडतांना आपण त्यांस विचारतों, रजा मिळेल काय, तिकिट परवडेल काय? तिसरा प्रश्न मात्र आपण विचारीत नाहीं: तुझ्या हातांत कोणता पासपोर्ट आहे? आज आम्ही या तिसऱ्या प्रश्नाविषयीं चार शब्द बोलणार आहों.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. प्रौढ माणसानें एकाच वेळीं भारताचें व दुसऱ्या देशाचें नागरिक असावें, हें भारतास मान्य नाहीं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचें नववें कलम सांगतें कीं, जो भारतीय स्वेच्छेनें परदेशाचें नागरिकत्व घेतो, त्याचें भारतीय नागरिकत्व संपतें. वाद उपस्थित झाल्यास निर्णय केंद्र सरकार करतें. आणि परदेशी पासपोर्ट मिळविणें हाच त्या स्वेच्छेचा निर्णायक पुरावा, असें नियमांत लिहिलें आहे. जुना भारतीय पासपोर्ट कपाटांत पडून आहे, एवढ्यानें नागरिकत्व शिल्लक राहत नाहीं.

हा प्रश्न गोमंतकाच्या बाबतींत विशेष बिकट झाला, त्यास इतिहास कारण आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. पुढें मार्च १९६२ मध्यें सरकारनें हुकूम काढला. ज्याचा स्वतःचा, अथवा ज्याच्या आईबापांपैकीं वा आजीआजोबांपैकीं कोणाचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वीं गोवा, दमण वा दीव येथें झाला होता, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक ठरला. ज्यांस जुनेंच नागरिकत्व राखावयाचें होतें, त्यांनीं एका महिन्याच्या आंत तसें लिहून द्यावें, अशी सवलत होती.

अशा रीतीनें लिहून देणाऱ्यांत एक धर्मगुरु होते, मोन्सिन्योर सेबास्तियांव मोंतेरो. आपण पोर्तुगीज नागरिकच राहूं, असें त्यांनीं कळविलें. सरकारदरबारीं त्यांची परदेशी म्हणून नोंद झाली आणि १३ नोव्हेंबर १९६४ पर्यंत राहण्याचा परवाना मिळाला. त्यांनीं मुदतवाढ मागितली नाहीं. देश सोडण्याचा हुकूम आला, तोही पाळला नाहीं. तेव्हां त्यांस तीस दिवसांची साधी कैद व पन्नास रुपये दंड झाला. व्यापलेल्या मुलखांतील रहिवाशांस हद्दपार करतां येत नाहीं, असा जिनीव्हा कराराचा आधार त्यांनीं सर्वोच्च न्यायालयांत घेतला. परंतु मार्च १९६९ मध्यें न्यायालयानें अपील फेटाळलें. ही गोष्ट आम्ही कोणाची बाजू घेण्यासाठीं सांगत नाहीं. सांगावयाचें इतकेंच कीं, आपल्याच मातींत उभा असलेला माणूस एका सहीनें परका ठरूं शकतो. मोन्सिन्योरांनीं आपली निवड उघडपणें केली आणि तिचें फळही उघडपणें भोगलें.

आज कित्येक घरांत घडतें तें याच्या उलट होय. मुक्तीपूर्वीं गोव्यांत जन्मलेल्यांस आपला जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरींत नोंदवितां येतो, व त्यांच्यामागून त्यांच्या मुलांसही ती वाट मिळते. १९८६ सालीं पोर्तुगाल युरोपीय समूहांत शिरला आणि कालांतरानें पोर्तुगीज पासपोर्ट हा साऱ्या युरोपांत रोजगार मिळविण्याचा परवाना झाला. सहस्रावधि गोमंतकीय इंग्लंडांत गेले. स्विंडन शहरांत तर त्यांची मोठी वस्ती झाली. त्यांस देशद्रोही म्हणणें हा अविचार होय. आईच्या औषधासाठीं व मुलांच्या शिक्षणासाठीं गेलेला माणूस देशाचा वैरी नव्हे.

परंतु दोन डगरींवर हात ठेवण्याचा मोह येथेंच होतो. परदेशी पासपोर्ट घ्यावयाचा आणि भारतीय पासपोर्ट गुपचूप वापरीत राहावयाचें, कोण विचारतो? विचारणारे आहेत. परकें नागरिकत्व लपवून जो भारतीय पासपोर्ट मिळवितो, त्यास पासपोर्ट कायद्याप्रमाणें एक ते पांच वर्षें कैद व दहा ते पन्नास हजार रुपये दंड होऊं शकतो. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी व्यक्तींविषयींचा नवा कायदा अंमलांत आला. त्यांत योग्य पासपोर्ट वा व्हिसा यांवांचून देशांत शिरणाऱ्या परदेशी माणसास पांच वर्षांपर्यंत कैद अथवा पांच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, सांगितले आहेत.

शिक्षेहूनही दारुण गोष्ट निराळीच आहे. रात्रीं फोन येतो कीं आई गेली. मुलगा निघूं पाहतो. जुन्या भारतीय पासपोर्टावर निघावें तर तो गुन्हा. नव्या पासपोर्टावर यावें तर व्हिसा नाहीं, आणि पूर्वीच्या भारतीय पासपोर्टाचें काय केलें, या प्रश्नास द्यावयाचें उत्तर नाहीं. दफनाची वेळ कचेरीच्या वेळापत्रकासाठीं थांबत नाहीं. आईच्या कबरेवर मूठभर माती टाकावयास लेक येऊं शकत नाहीं, तीही चार वर्षें लांबणीवर टाकलेल्या एका अर्जापायीं!

सरळ मार्ग मात्र खुला आहे. भारतीय पासपोर्ट रीतसर परत करावा, त्याचा दाखला घ्यावा आणि परदेशस्थ भारतीय म्हणून नोंदणी करावी. हिलाच सर्वजण ओसीआय कार्ड म्हणतात. ही व्यवस्था २००५ सालीं सुरू झाली. तिच्यायोगें जन्मभर येण्याजाण्याची मोकळीक मिळते. हें नागरिकत्व मात्र नव्हे. मत देतां येत नाहीं, निवडणुकीस उभें राहतां येत नाहीं, शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. शिवाय नुसतें कार्ड घेऊन येतां येत नाहीं. सोबत मुदतींतला परदेशी पासपोर्ट लागतो. वीस वर्षांपर्यंतच्या मुलांस दर नव्या पासपोर्टाच्या वेळीं, आणि पन्नाशी उलटल्यावर एकदां, त्या पासपोर्टाची प्रत सरकारकडे नोंदवावी लागते.

परतीच्या वाटेवरही लक्ष असूं द्यावें. पोर्तुगाल व ब्रिटन हे दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व मान्य करतात, म्हणून कित्येक गोमंतकीय दोहोंचेही नागरिक आहेत. २५ फेब्रुवारी २०२६ पासून ब्रिटननें असा नियम अंमलांत आणला कीं, दुहेरी ब्रिटिश नागरिकानें आपला ब्रिटिश पासपोर्ट, अथवा दुसऱ्या पासपोर्टावर हक्काचा दाखला, दाखविला पाहिजे. केवळ पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन घरीं आलेल्या अशा माणसास मुंबईच्या विमानतळावरच अडवलें जाऊं शकतें.

लहान मुलांचें निराळें आहे. परदेशांत भारतीय आईबापांपोटीं जन्मलेल्या व वकिलातींत नोंदविलेल्या बालकास सज्ञान होईपर्यंत दोन नागरिकत्वें असूं शकतात; परंतु त्याच्यापाशीं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाहीं, असें नोंदणीच्या वेळीं आईबापांस लिहून द्यावें लागतें. सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आंत त्यानें परकें नागरिकत्व सोडलें नाहीं, तर भारताचें जातें. ही तारीख मुलांच्या नव्हे, आईबापांच्या ध्यानांत राहावयास हवी.

बंधुभगिनींनो, प्रेषित संत पौल हे तार्सचे रहिवासी व जन्मानें रोमचे नागरिक होते. यरुशलेमांत त्यांस फटके मारण्यास बांधलें, तेव्हां त्यांनीं आपलें नागरिकत्व स्पष्ट सांगितलें. सरदारानें तेंच नागरिकत्व पुष्कळ पैसे मोजून घेतलें होतें. पौलांस तें जन्मानेंच लाभलें होतें. त्यांनीं तें लपविलें नाहीं, त्याचा तोराही मिरविला नाहीं. प्रसंग आला तेव्हां खरें तें सांगितलें. आम्हांसही एवढेंच पुरे.

म्हणून आमची विनंती अशी. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत, त्यांनीं या ज्युबिलीच्या वर्षीं त्यांस एक पत्र धाडावें अथवा फोन करावा: तुझे कागद नीट आहेत ना? शंका असल्यास दलालाकडे न जातां भारतीय वकिलातींत अथवा जाणत्या वकिलाकडे जावें. आणि ज्यानें परकें नागरिकत्व घेतलें, त्याच्याकडे या गांवानें वाकड्या नजरेनें पाहूं नये. लाज वाटली म्हणजे माणूस कागद लपवितो, आणि कागद लपविले म्हणजे घराची वाट बंद होते. आमचीं सर्व लेंकरें उजळ माथ्यानें, योग्य कागद हातांत घेऊन, वेळेवर घरीं येवोत, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.