आंतरजालावरील निर्माता आणि त्याचीं साधनें

गेल्या दहापंधरा वर्षांत शहरांतील सुशिक्षित घरांत एक नवा उद्योग शिरला आहे. कोणी पाककृतींचे व्हिडिओ करतो, कोणी पॉडकास्टवर इतिहास सांगतो, कोणी प्रवासवर्णनें लिहून तीं आंतरजालावर प्रसिद्ध करतो. या मंडळींस 'कंटेंट क्रिएटर' असें भारदस्त नांव आहे. मराठींत त्यांना नुसते निर्माते म्हटलें तरी चालेल. उद्योग आरंभितांना बहुतेकांची पहिली धांव बाजाराकडे असते. महागडा कॅमेरा येतो, गोल दिवा येतो, मोबाइलवर डझनभर ॲप्स उतरविलीं जातात, आणि महिना लोटला तरी पहिला भाग कांहीं तयार होत नाहीं. नमनालाच घडाभर तेल जातें.

समजा, नागपुरांतील एका गृहिणीला आपल्या वृद्ध आईच्या हातचे वडाभात, पाटोडी असे पदार्थ चित्रित करून ठेवावयाचे आहेत. आई ऐंशीच्या घरांत आहे. तिचें माप वाटीचें नव्हे. मुठीचें आणि चिमटीचें आहे, आणि तें कोठें लिहिलेलें नाहीं. काम पुढें ढकलण्यासारखें नाहीं. अशा वेळीं तिनें कोणतीं साधनें हातीं घ्यावीं?

चित्रासाठीं हातांतला मोबाइल पुरेसा आहे. चांगल्या उजेडांत साध्या फोननेंहि स्वच्छ चित्र येतें, आणि उत्तम उजेड खिडकींतून फुकट मिळतो. आवाजाची गोष्ट निराळी. अंधुक चित्र प्रेक्षक चालवून घेतो. न कळणारें बोलणें ऐकत तो बसत नाहीं. त्यांतून स्वयंपाकघर म्हणजे ध्वनीला अगदीं प्रतिकूल जागा. टाइल्सच्या भिंती, दगडी ओटा, स्टीलचीं भांडीं यांवर आदळून आवाज घुमतो, आणि त्यांत पंख्याची व फ्रिजची घरघर मिसळते. फोन चार हात दूर ठेवला कीं आईचें बोलणें विहिरींतून आल्यासारखें वाटतें. यावर उपाय आहे तो पदराला लावावयाच्या लहानशा माइकाचा. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आला म्हणजे मूळ आवाज भिंतींवरून परतणाऱ्या आवाजापेक्षां पुष्कळ बळकट होतो आणि घुमारा मागें पडतो. पंखा आणि फ्रिज तेवढा वेळ बंद ठेवावे. फ्रिज पुन्हां चालू करावयास विसरूं नये, हें कोणत्याहि गृहिणीला वेगळें सांगावयास नको. फोडणीचा चुरचुराट मात्र अवश्य राहूं द्यावा. तेल किती तापलें होतें तें जाणत्याला त्यावरूनच कळतें.

ध्वनि साफ करण्यासाठीं 'ऑडॅसिटी' हें सॉफ्टवेअर २००० सालापासून मोफत मिळतें. पण साफ करण्याआधीं मूळ ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपांत जपून ठेवावें. एमपीथ्री फाइल लहान असते खरी, परंतु लहान होण्यासाठीं ती आवाजाचा कांहीं अंश टाकून देते, आणि प्रत्येक खेपेस दुरुस्त करून नव्यानें साठविली कीं आणखी थोडा अंश जातो. एका माइकाचें वेव्ह ध्वनिमुद्रण सीडीच्या दर्जाचें ठेवलें तर मिनिटाला सुमारें पांच मेगाबाइट जागा घेतें. आजच्या डिस्कवर ही जागा कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

बोलण्याबरोबर पाककृति लिहूनहि द्यावयाची असते. तेव्हां लिपीचा प्रश्न येतो. या बाबतींत मराठी माणसानें फार नुकसान सोसलें आहे. १९९० नंतर छापखान्यांत आणि कचेऱ्यांत जे मराठी फॉन्ट रूढ झाले, त्यांपैकीं पुष्कळांत मराठी अक्षरें रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेलीं होतीं. पडद्यावर 'क' दिसे. संगणकाच्या लेखीं तेथें रोमन चिन्हच असे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली कीं मजकुराची नुसती खिचडी होई. कोणाच्या आयुष्यभराच्या लेखनाच्या फाइली अशा रीतीनें जिवंत असून मुक्या झाल्या आहेत. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली आणि तींत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. २००३ सालीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरील मजकूर आज कोणत्याहि फोनवर वाचतां येतो तो त्यामुळें. म्हणून लेखनाच्या साधनाला पहिली अट युनिकोडची घालावी.

फॉन्टची परीक्षा दोनचार शब्दांत होते. 'दुसऱ्या' आणि 'ऱ्हास' हे शब्द उमटवून पाहावे. त्यांतील अर्धा 'र' रफार होऊन डोक्यावर चढला, तर तें साधन मराठीच्या कामाचें नाहीं. नंतर 'ॲलर्जी' लिहावें. 'ॲ' हें अक्षर युनिकोडमध्यें २००८ सालीं आलें, त्यामुळें जुन्या फॉन्टांत त्याच्या जागीं रिकामी चौकट दिसते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बालू' हे फॉन्ट मोफत वापरतां येतात. बोललेलें लिहून देणारीं साधनेंहि आतां मराठींत आहेत. गूगलनें ही सोय मराठीसाठीं २०१७ सालीं केली. त्यांनीं श्रम वांचतात, पण आईच्या बोलींतला शब्द तीं सहज प्रमाण मराठीकडे ओढतात. तो मजकूर तपासल्याशिवाय पुढें जाऊं देऊं नये.

चित्रांची कांटछांट करण्यासाठीं 'केडेनलाइव्ह' मोफत आहे, 'दा विंची रिझॉल्व्ह'चीहि एक मोफत आवृत्ति आहे. पैसे मोजूंच नयेत असें नाहीं. परंतु अडोबीनें २०१३ सालीं आपल्या नव्या आवृत्त्या भाड्यानें देण्याचें धोरण स्वीकारल्यापासून दरमहा भाड्याची चाल पुष्कळ ठिकाणीं पडली आहे, आणि भाडें थांबलें कीं अर्धवट कामाची फाइल कुलपांत राहते. पहिले दहा भाग मोफत साधनांवर करावे. मग कोठें हात अडतो तें कळेल, आणि तेवढ्यापुरताच खर्च करावा.

साधन घेतांना आपलें काम त्यांतून बाहेर कसें काढतां येईल, हें आधीं विचारावें. ऑर्कुट २०१४ सालीं बंद झालें, व्हाइन २०१७ सालीं, गूगल पॉडकास्ट्स २०२४ सालीं. टिकटॉकवर भारत सरकारनें २९ जून २०२० रोजीं बंदी घातली, तेव्हां महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील कलावंतांचा प्रेक्षकवर्ग एका रात्रींत नाहींसा झाला. ज्यांनीं आपले व्हिडिओ दुसरीकडे ठेवले होते त्यांना निदान नव्या जागीं दुकान मांडतां आलें. यूट्यूबवर चढविलेली प्रत ही प्रदर्शनाची प्रत समजावी. मूळ फाइली घरच्या डिस्कवर, तशाच दुसऱ्या डिस्कवर, आणि शक्य तर ती दुसरी डिस्क भावाच्या किंवा बहिणीच्या घरीं ठेवावी.

इतकी तयारी एका दुपारीं होते. मग त्या गृहिणीनें सकाळच्या उजेडांत खिडकी उघडावी, पंखा बंद करावा, माइक आईच्या पदराला लावावा आणि वड्यांची डाळ रात्रीं किती वाजतां भिजत घातली होती, तेथून विचारावयास सुरुवात करावी.