मादाम क्यूरी यांचा संसार



मादाम क्यूरी हें नांव उच्चारतांच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें रेडियम उभें राहतें. काळा झगा घातलेली एक गंभीर विदुषी, तिच्या हातांत कांचेची नळी, आणि त्या नळींत अंधारांत चमकणारा एक कण. शाळेच्या पुस्तकांतून आपण पाहिलेलें चित्र तें हेंच. चित्र खोटें नाहीं. परंतु तें अर्धें आहे. या बाईंच्या वह्या अनेक होत्या. एका वहींत युरेनियमच्या किरणांचीं मोजमापें असत. दुसरींत बाजारहाटाचा पैन् पैचा हिशेब असे. तिसरींत मुलीला कितवा दांत आला, तिचें वजन किती भरलें, ती रांगण्याचें सोडून चालूं कधीं लागली, याची नोंद असे. आज पहिल्या वहीपेक्षां या दुसऱ्या आणि तिसऱ्या वहीविषयींच अधिक बोलावयाचें आहे.

बाई बाहेर काम करते असें ऐकलें कीं लोक एकच प्रश्न विचारतात, "मग घर कोण पाहतें?" या प्रश्नांत बहुधा टोमणा असतो. पण टोमणा काढून टाकला तर प्रश्न खरा आहे आणि अगत्याचा आहे. मादाम क्यूरी यांच्या चरित्रांत त्याचें उत्तर स्वच्छ सांपडतें.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजीं पोलंडांतील वॉर्सा शहरीं झाला. त्या काळीं तेथें रशियाच्या झारचा अंमल होता. वडील गणित आणि पदार्थविज्ञान शिकविणारे शिक्षक. आई मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. आणि ओढग्रस्तीच्या दिवसांत मुलांचे जोडे स्वतः शिवणारी. घर आणि काम या दोन्ही गोष्टी एका स्त्रीच्या हातांत नांदूं शकतात, हें मारीला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. दुर्दैवानें ती आई १८७८ सालीं क्षयानें गेली. मारी तेव्हां अवघी दहा वर्षांची होती.

मारीची पहिली नोकरी विज्ञानाची नव्हती. थोरली बहीण ब्रोन्या पॅरिसला वैद्यक शिकत होती. तिला पैसे पाठवितां यावेत म्हणून १८८६ सालीं मारीनें एका खेड्यांतील सधन कुटुंबांत मुलांच्या शिक्षिकेची चाकरी पत्करली. तेथें तीन वर्षांहून अधिक काळ ती राहिली. फावल्या वेळीं शेतकऱ्यांच्या मुलांना ती मुळाक्षरें शिकवी आणि रात्रीं एकटीच गणिताचीं पुस्तकें घेऊन बसे. बहिणीचें शिक्षण मार्गीं लागल्यावर १८९१ सालीं ती स्वतः पॅरिसला गेली. १८९३ मध्यें पदार्थविज्ञानाच्या परीक्षेंत ती पहिली आली आणि १८९४ मध्यें गणितांत दुसरी.

२६ जुलै १८९५ रोजीं पियेर क्यूरी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. लग्नाचा पोषाख गडद निळा निवडला. हेतु हा कीं पुढें तो प्रयोगशाळेंत नेसतां यावा. आहेराच्या पैशांतून दोन सायकली घेतल्या आणि त्यांवर बसून नवदंपती फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून हिंडून आलें. सायकलीवरील ही भटकंती हा त्यांचा जन्मभराचा आनंद होता. बिऱ्हाड लहान. पियेर यांस दरमहा सुमारे ५०० फ्रँक मिळत. सासरकडून लांकडी सामान येत होतें, तें दोघांनीं नाकारलें. कारण जितकें सामान अधिक तितकी झाडपूस अधिक. एक टेबल, दोन खुर्च्या, पुस्तकांच्या फळ्या आणि फुलदाणी, एवढ्यांत संसार मांडला गेला. स्वयंपाक त्यांस येत नव्हता. तो त्या ब्रोन्याच्या सासूपाशीं शिकल्या. प्रयोगशाळेंत जातांना शेगडीची ज्योत नेमकी इतकी ठेवीत कीं परत येईपर्यंत पदार्थ आपोआप शिजून तयार व्हावा. शास्त्राचा उपयोग असा चुलीपासून सुरू झाला.

१२ सप्टेंबर १८९७ रोजीं थोरली मुलगी इरेन जन्मली, आणि खरी कसोटी सुरू झाली. मूल दाईच्या हवालीं करून बाई कामास जात. पण चित्त ठिकाणावर राहीना. काम मध्येंच टाकून त्या मोंसूरी बागेंत धांवत जात. दाईच्या हातून पोर हरवलें तर नाहीं ना, हें पाहून पुनः माघारीं येत. कामावर जाणाऱ्या कोणत्याहि आईला ही धांवपळ परकी वाटणार नाहीं. अशा वेळीं पुष्कळ स्त्रियांनीं एक तर काम सोडलें असतें, नाहीं तर मनाची शांति गमावली असती. मादाम क्यूरी यांचें दोन्हींपैकीं कांहींच गेलें नाहीं. त्याचें कारण त्यांची बुद्धि नव्हे. त्याचें कारण एक म्हातारा मनुष्य होता.

इरेनच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत पियेर यांच्या मातोश्री वारल्या. त्यांचे वृद्ध वडील, डॉक्टर यूजेन क्यूरी, एकटे पडले आणि मुलाच्या बिऱ्हाडीं राहावयास आले. १८४८ आणि १८७१ या दोन्ही सालांच्या उठावांत त्यांनीं पॅरिसमध्यें जखमींची शुश्रूषा केली होती. या अनुभवी वैद्यानें उतारवयांत नातीचें बालपण आपल्या हातीं घेतलें. सुनेनें घरीं बसावें असें या सासऱ्यांस वाटलें नाहीं. ते इरेनचे पहिले मित्र झाले आणि पहिले गुरुहि झाले. झाडापानांची आणि प्राण्यांची ओळख तिला त्यांनींच करून दिली. आजोबा घरीं आहेत, या एका भरंवशावर आई कामास जाऊं लागली.

आणि तें काम किती कष्टाचें! ज्या छपरांत तें चाले तेथें पूर्वीं वैद्यकीचे विद्यार्थी प्रेतें फाडीत असत. पावसांत तें गळे, उन्हाळ्यांत भट्टीसारखें तापे. खनिजाचा चोथा वीस वीस किलो एका वेळीं उकळावयाचा आणि जवळजवळ स्वतःइतक्या उंचीच्या लोखंडी दांड्यानें दिवसभर ढवळावयाचा. १८९८ च्या जुलैमध्यें पोलोनियमचा आणि डिसेंबरांत रेडियमचा शोध जाहीर झाला. पुढें चार वर्षें खपल्यावर, १९०२ सालीं, शुद्ध क्षार हातीं आला तो एक दशांश ग्रॅम.

याच १८९८ सालची दुसरी एक नोंद त्यांच्या पाककृतींच्या पुस्तकांत समासांत सांपडते. बाईंनीं आठ पौंड आंबट फळें घेतलीं, तितकीच साखर घेतली, दहा मिनिटें उकळून तें मिश्रण चाळणींतून गाळलें आणि मुरंब्यासारख्या त्या जेलीच्या चौदा बरण्या भरल्या. जेली पारदर्शक झाली नाहीं, पण छान जमली, असा शेराहि त्यांनीं मारून ठेवला आहे. वजन, वेळ, कृति आणि निष्कर्ष! प्रयोगशाळेंतील हात आणि स्वयंपाकघरांतील हात एकच होता. बरणींत उतरलेल्या फळांचा आनंद त्यांस लहान वाटला नाहीं.

रात्रीं इरेनला निजविण्याचें काम मात्र आईचेंच. मुलगी झोंपेपर्यंत ती तिच्या उशाशीं बसून राही. अशाच एके रात्रीं, लेंक निजल्यावर आणि आजोबा आपल्या खोलींत गेल्यावर, नवराबायको पायींच त्या छपराकडे गेलीं. दिवा लावला नाहीं. अंधारांत टेबलांवर आणि फळ्यांवर ठेवलेल्या नळ्यांतून मंद निळसर प्रकाश पाझरत होता. दोघें उगीच बसून तो पाहत राहिलीं. जगांतील मोठ्या शोधांपैकीं एका शोधाचें सुख त्या दोघांनीं असें चोरून, घर निजल्यानंतर भोगलें.

संसार वाढला, मिळकत पुरेना. १९०० सालीं मादाम क्यूरी यांनीं सेव्ह्र येथील अध्यापिका-विद्यालयांत शिकविण्याची नोकरी धरली. ट्रामनें जाणें-येणें, पाठांची तयारी, आणि त्यावर प्रयोगशाळा. १९०३ सालीं त्यांना डॉक्टर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षीं पतीसह नोबेल पारितोषिकाचा वांटा. त्या पैशांतून त्यांनीं काय केलें? आप्तेष्टांना साहाय्य केलें, प्रयोगशाळेसाठीं एक मदतनीस ठेवला, घरांत नवीन पद्धतीचें न्हाणीघर करून घेतलें आणि एका खोलीच्या भिंतींना नवा कागद लावला. नवी टोपी घेण्याचें मात्र त्यांच्या मनांतहि आलें नाहीं. सेव्ह्रची नोकरी त्यांनीं सोडली नाहीं. ६ डिसेंबर १९०४ रोजीं धाकटी मुलगी एव्ह जन्मली.

१९ एप्रिल १९०६ रोजीं पॅरिसच्या दोफीन रस्त्यावर मालाच्या घोडागाडीखालीं सांपडून पियेर क्यूरी जागच्या जागीं गतप्राण झाले. बाईंचें वय ३८. इरेन आठ वर्षांची, एव्ह सोळा महिन्यांची. सरकार निवृत्तिवेतन द्यावयास तयार होतें. बाईंनीं तें नाकारलें. आपण तरुण आहोंत आणि मुलींना पोसण्यापुरतें कमवूं शकतों, असें त्यांचें म्हणणें. तेव्हां सॉर्बोन विद्यापीठानें पियेर यांचें अध्यापनाचें काम त्यांच्यावर सोंपविलें. ५ नोव्हेंबर १९०६ रोजीं दुपारीं दीड वाजतां त्या व्याख्यानमंदिरांत आल्या. सॉर्बोनमध्यें शिकविणारी ती पहिलीच स्त्री. बाई आतां पतीविषयीं कांहीं बोलतील, अशा अपेक्षेनें तोबा गर्दी जमली होती. बाईंनीं शोकाचा एक शब्द काढला नाहीं. पियेर यांचा पाठ जेथें थांबला होता, नेमका तेथूनच त्यांनीं पुढें शिकवावयास सुरुवात केली.

लोकांनीं हें धैर्य पाहिलें. लोकांनीं पाहिलें नाहीं तें घरांत होतें. मुलींपुढें पियेर यांचें नांवहि बाईंच्या तोंडून निघत नसे, इतकें तें दुःख खोल गेलें होतें. मुका शोक लहान मुलांस फार जड जातो. त्या घरांत हंसण्याचा आवाज टिकवून धरला तो पुत्रशोक झालेल्या आजोबांनीं. सुनेनें त्यांना विचारलें होतें कीं थोरल्या चिरंजीवांकडे जाणार, कीं येथेंच राहणार. निर्णय तिचा, पण मन विचाराल तर येथेंच राहणें आवडेल, असें त्यांनीं सांगितलें; आणि ते राहिले.

मुलींना बाग आणि मोकळी हवा मिळावी म्हणून १९०७ सालीं कुटुंब पॅरिसबाहेर सो या गांवीं राहावयास गेलें. बाईंना रोज आगगाडीनें जावें लागे. तो त्रास त्यांनीं आपल्याकडे घेतला. बागेंत मुलींसाठीं व्यायामाचे दांडे उभारले आणि स्वतःसाठीं फुलांचा एक तुकडा राखला. शाळेंत मुलांना तासन् तास कोंडून ठेवतात, हें त्यांना मान्य नव्हतें. म्हणून स्नेही प्राध्यापकांशीं मिळून त्यांनीं सुमारे दहा मुलांसाठीं घरगुती शाळा काढली. रसायन शिकवीत झां पेरँ, गणित पॉल लांजव्हँ, आणि पदार्थविज्ञान स्वतः मादाम क्यूरी! एकदां त्यांनीं मुलांस विचारलें कीं भांड्यांतलें कढत पाणी ऊन राहावें म्हणून काय करावें. कोणी म्हणालें लोंकर गुंडाळावी, कोणी आणखी कांहीं अवघड युक्ति सांगितली. बाई हंसून म्हणाल्या, "मी आधीं झांकण ठेवीन."

२५ फेब्रुवारी १९१० रोजीं डॉक्टर यूजेन क्यूरी दीर्घ दुखण्यानंतर वारले. तोंवर इरेन बारा वर्षांची झाली होती आणि तिच्या मनाची घडण होऊन चुकली होती. पुढें एव्ह हिनें लिहिलेलें आईचें चरित्र १९३७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत या वृद्धाचे उपकार तिनें मनमोकळेपणानें मांडले आहेत.

१९११ सालीं बाईंना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें घेण्यास त्या स्टॉकहोमला गेल्या तेव्हां इरेन बरोबर होती. १९१४ सालीं महायुद्ध पेटतांच त्यांनीं पुनः नवा व्यवसाय धरला. क्ष-किरणांचीं यंत्रें मोटारींत बसवून त्या जखमी सैनिकांकडे गेल्या. अशा वीस मोटारी आणि दोनशें खोल्या त्यांनीं सज्ज केल्या, सुमारे दीडशें स्त्रियांस तें काम शिकविलें, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर मोटार हांकण्याचा परवाना मिळविला. सतरा वर्षांची इरेन त्यांची मदतनीस झाली. युद्धानंतर त्यांनीं पॅरिसची रेडियम संस्था नांवारूपास आणली. १९२१ मध्यें अमेरिकेंतील स्त्रियांनीं वर्गणी करून घेतलेलें एक ग्रॅम रेडियम स्वीकारावयास त्या गेल्या, तेव्हां दोन्ही मुली सोबत होत्या.

४ जुलै १९३४ रोजीं त्यांचें देहावसान झालें. ज्या किरणांची त्यांनीं आयुष्यभर संगत केली त्यांनींच त्यांचें रक्त नासविलें असावें. त्यांच्या प्रयोगांच्या वह्यांतून तीं किरणें आजहि निघत आहेत. १९३५ सालीं इरेन हिला पतीसह नोबेल पारितोषिक मिळालें. ती त्या वेळीं दोन मुलांची आई होती. आईनें लावलेला वेल असा मांडवावर गेला. १९९५ सालीं फ्रान्सनें मादाम क्यूरी यांच्या अस्थि राष्ट्रवीरांच्या पांतेऑं या स्मारकांत नेल्या; स्वतःच्या कर्तृत्वावर हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. बाई कामास गेली तर घर कोण पाहतें? क्यूरी यांच्या घरीं बाई स्वतः पाहत होत्या, हिशेबाच्या वहींत, शेगडीच्या ज्योतींत, लेंकीच्या उशाशीं. पण त्या एकट्या पाहत नव्हत्या, आणि एकट्यांना तें झेंपलेंहि नसतें. कामावर जाणारी आई आज आपल्या गल्लीगल्लींत आहे. कोणी शाळेंत शिकविते, कोणी रुग्णालयांत रात्रपाळी करते, कोणी पहाटे डबे करून मग कचेरी गांठते. त्यांतील प्रत्येकीला नोबेल पारितोषिक मिळणार नाहीं; मिळावयासहि नको. परंतु ती उंबरठा ओलांडते तेव्हां मागें वळून पाहावें न लागेल असें एखादें माणूस घरांत असणें, हा तिचा हक्क आहे. तें माणूस नवरा असो, सासू असो, शेजारीण असो, कीं हातीं रिकामा वेळ असलेला कोणी वृद्ध आजोबा असो. नातीचें बोट धरून बागेंत नेणाऱ्या म्हाताऱ्याचें नांव शोधांच्या यादींत येत नाहीं. तरी त्या यादींतील रेडियम या शब्दामागें तें बोट आहे, एवढें विसरूं नये.